आंटींच्या डब्यातली बुळबुळीत भाजी

मूळच्या साताऱ्याच्या एका आईचं हे पत्र आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या तीन वर्षांपासून नैरोबीत, पार्कलँड्स भागात राहतात. मुलगी चौथीत आहे. शाळेने सांगितलंय की केनियातला एक पारंपरिक पदार्थ घरी शिकायचा, करून वर्गात आणायचा आणि सगळ्यांसमोर त्याची माहिती सांगायची. मुदत दहा दिवसांची. त्या लिहितात:

'आम्ही शाकाहारी. इथलं जेवण म्हणजे उगाली, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि भाजलेलं मांस, एवढंच मला माहीत. एकदा वाटतं, हॉटेलातून उगाली आणि सुकुमाची पालेभाजी मागवून डब्यात भरून द्यावं. एकदा वाटतं, चपाती आणि बटाट्याची भजी द्यावीत, नाहीतरी इथे सगळे तेच खातात. यजमान म्हणतात, इंटरनेटवरून चित्रं काढ, तक्ता करून दे आणि मोकळी हो. सासूबाई फोनवर म्हणाल्या, पोरीला तिथलं काहीबाही खाऊ घालू नकोस. त्यात परवा वेगळंच घडलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या आंटी पश्चिम केनियातल्या काकामेगाकडच्या आहेत. दुपारी त्या डब्यातली हिरवी, बुळबुळीत भाजी खातात. कळलं की मुलगी त्यांच्याकडून रोज दोन घास खाते. मी दोघींनाही रागावले. तेव्हापासून मुलगी म्हणते, मी वर्गात काहीच सांगणार नाही. ताई, मी काय करू?'

---

प्रिय ताई,

प्रश्न तुम्ही पत्राच्या सुरुवातीला विचारलात आणि शेवटी त्याचं उत्तरही लिहून टाकलंत. केनियातला एक पारंपरिक पदार्थ तुमच्या मुलीला माहीत आहे. तो तिला आवडतो, ती तो रोज खाते, आणि तो रांधणारी बाई रोज सकाळी तुमच्या घराची बेल वाजवते. हॉटेलात जायची गरजच कुठे आहे?

काकामेगाकडच्या बाईच्या डब्यातली हिरवी, बुळबुळीत भाजी म्हणजे बहुधा म्रेंडा. आपल्याकडे ज्या तागापासून गोणपाट होतं, त्याच जातीच्या झाडाचा हा पाला. पश्चिम केनियातल्या लुह्या लोकांच्या घरात उगालीबरोबर ही भाजी हमखास असते. लुओ लोक तिला अपोथ म्हणतात. ती नुसती क्वचितच शिजवतात. बरोबर बहुतेक वेळा कुंडे असतो, म्हणजे चवळीचा कोवळा पाला. पाला शिजून मऊ व्हावा म्हणून पूर्वी शेंगांची वाळकी टरफलं जाळायची, त्या राखेतून पाणी गाळून घ्यायचं आणि ते खारं पाणी भाजीत घालायचं. काही घरांत अजूनही असंच करतात. बाकीच्या घरांत मगादी सरोवराचा सोडा चिमूटभर टाकतात. भाजी घोटली की तार सुटते आणि उगालीच्या घासाने ती तार अलगद तोडून उचलावी लागते. ज्याला भेंडी आवडते, अळूचं फदफदं आवडतं, त्याला म्रेंडा आवडली तर त्यात नवल काही नाही. तुमची मुलगी चांगलं खाते आहे, ताई. पालेभाजीसाठी आया मुलांच्या मागे ताट घेऊन धावतात.

आता रागावण्याबद्दल. तुमचा राग मला समजतो. परक्या देशात मूल आपल्या नजरेआड काहीतरी खातंय हे कळलं की पोटात धस्स होतं. डब्यात काय आहे, त्यात मासळी आहे का, पाणी कुठलं, हे प्रश्न रास्तच आहेत. पण हे प्रश्न तुम्ही आंटींना विचारायला हवे होते आणि विचारले असते तर त्यांनी उत्तरं दिली असती. शाकाहारी घरातल्या मुलाला कुणी काही द्यायचं तर आधी आईला विचारावं, हा नियम ठेवायला काहीच हरकत नाही. तो शांतपणे सांगता येतो. मुलीने मात्र त्या दिवशी नियम ऐकला नाही. तिने ऐकलं ते असं की आंटींच्या डब्यातलं जेवण हे लपून खायचं, लाज वाटावी असं जेवण आहे. आणि त्याच आठवड्यात शाळा तिला सांगते, इथलं जेवण अभिमानाने वर्गात घेऊन ये. नऊ-दहा वर्षांच्या मुलीला हे दोन्ही एकत्र बसवता येत नाही. म्हणून ती म्हणाली की मी काहीच सांगणार नाही. तिला पदार्थ सुचत नाही म्हणून ती गप्प झालेली नाही. जो सुचतोय त्यावरच तिला बोलणी बसली आहेत.

तेव्हा पहिलं काम प्रकल्पाचं नाही. आंटींशी बोला, मुलीच्या समोर बोला. 'त्या दिवशी मी तुम्हाला उगाच बोलले, मला त्या भाजीबद्दल काही ठाऊक नव्हतं', एवढं पुरे. मग विचारा, ही भाजी माझ्या मुलीला शिकवाल का? हा हुकूम नको. त्यांच्या ठरलेल्या कामात हे बसत नाही. एक शनिवारची सकाळ मागा, तिचे पैसे वेगळे द्या आणि भाजी, पीठ, जाण्यायेण्याचा मटाटूचा, म्हणजे मिनीबसचा, खर्च तुम्ही करा. त्यांना नको असेल तर त्यांना सहज नाही म्हणता येईल अशा तऱ्हेने विचारा.

त्या कदाचित म्हणतील, 'हे काय शाळेत न्यायचं? केक करून द्या.' असं म्हणाल्या तर चकित होऊ नका, त्यामागे मोठा इतिहास आहे. केनियात कित्येक वर्षं रानातल्या आणि परसातल्या पालेभाज्यांना गरिबाचं, मागासलेल्यांचं खाणं म्हणून हिणवलं गेलं. शहरात आलेल्या माणसाने कोबी आणि सुकुमा खायचा, गावाकडची कडू भाजी गावाकडेच ठेवायची. प्राध्यापक मेरी अबुकुत्सा-ओन्यांगो यांनी जोमो केन्याटा कृषी व तंत्रज्ञान विद्यापीठात आयुष्य याच भाज्यांच्या अभ्यासाला दिलं. लहानपणी त्यांना दूध, अंडी, मासे सोसत नसत, त्या वाढल्या त्याच या पाल्यावर. पुढे शेतीच्या शिक्षणात त्यांना दिसलं की आपण ज्याला भाजी म्हणतो त्याला पुस्तकं तण म्हणतात. त्यांच्यासारख्या लोकांच्या कामामुळे आज नैरोबीच्या सुपरमार्केटमध्येही मनागू, तेरेरे अशा गावाकडच्या पालेभाज्यांच्या जुड्या दिसतात.

याच बाबतीत आणखी एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी, कारण ती थेट तुमच्या घराशी येऊन भिडते. 2007 पासून केनियाने आपल्या पारंपरिक अन्नाची नोंद करायचं काम हाती घेतलं. सुमारे 850 स्थानिक वनस्पती त्यांच्या गावाकडच्या नावांसह नोंदल्या गेल्या. पुढे युनेस्को आणि केनियाच्या संस्कृती विभागाने जो प्रकल्प केला, त्यात प्राथमिक शाळेतल्या मुलांनाच सामील करून घेतलं, कारण आजीला जे माहीत होतं ते नातवंडांना माहीत नव्हतं. हे काम ज्या समाजांत झालं त्यात इसुखा लोक होते. इसुखा हे लुह्यांपैकीच, काकामेगा भागातले. 2021 मध्ये युनेस्कोने या सगळ्या कामाची जतनाचा चांगला नमुना म्हणून नोंद केली. म्हणजे तुमच्या मुलीला शाळेने जे करायला सांगितलंय, तेच काम आंटींच्या मुलखातल्या शाळकरी पोरांनी आधी करून दाखवलंय. हे आंटींना सांगा. ऐकताना त्यांचा चेहरा बघा.

आता तुमचं एक गृहीतक. इथलं जेवण म्हणजे उगाली आणि भाजलेलं मांस. न्यामा चोमा, म्हणजे भाजलेलं मांस, केनियात लोकप्रिय आहेच, रविवारी मित्रमंडळी त्याभोवती तासन् तास बसतात. पण न्यामा चोमा रोज कोण खातं? घराघरातलं रोजचं ताट बहुतांशी धान्य, कडधान्य आणि पाल्याचं असतं. किकुयू लोकांची गिथेरी म्हणजे मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र उकडलेले. कांबा लोकांची मुथोकोई म्हणजे कांडून साल काढलेला मका, कडधान्याबरोबर शिजवलेला. न्जाही म्हणजे काळे वाल, किकुयू घरांत बाळंतिणीला मुद्दाम खाऊ घालतात. मोंबासाला सकाळी नारळाच्या दुधातली म्बाझी खातात आणि तिच्याबरोबर वेलची घातलेली, तळून फुगवलेली महामरी. म्बाझी म्हणजे आपली तूर. न्डेंगू म्हणजे मूग, कितुई-माकुएनीच्या कोरड्या रानात पिकणारे. शाकाहारी माणसाला केनियात उपाशी राहायची वेळ येत नाही, फक्त हॉटेलाच्या मेन्यूकार्डावरून देश ओळखायचा थांबवावा लागतो.

पण मुलीला शिकवताना मांसाहार झाकूनही ठेवू नका. लुह्या घरात पाहुणा आला की कोंबडी शिजते आणि तो पाहुण्याचा मान असतो. व्हिक्टोरिया सरोवराकाठी ओमेना नावाची बोटाएवढी मासळी वाळवून खातात, आपल्या कोकणात सुकट खातात तशीच. मसाई गुराख्यांचं अन्न पिढ्यान् पिढ्या दूध, मांस आणि रक्त होतं. आपण खात नाही, हे सांगायचं आणि तिथेच थांबायचं. 'ई' म्हणायचं नाही, नाक मुरडायचं नाही. वर्गात तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या घरी ओमेना शिजत असेल. ती मैत्रीण तुमच्या मुलीच्या तोंडाकडे बघत असणार.

दुसरं गृहीतक माझ्या मते अधिक खोल रुजलेलं आहे: हे अन्न परकं आहे. मी चार वर्षं व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या किसुमूला होते. तिथे पहिल्यांदा एका घरी मला उजी, म्हणजे पिठाची पेज, मिळाली, भोपळ्याच्या तुंब्यात, कोमट, आंबूस, तपकिरी. लुओ तिला न्युका म्हणतात. पहिला घोट घेतला आणि मला माझ्या आईच्या हातची आंबील आठवली. पीठ विचारलं तर म्हणाले, विंबी. विंबी म्हणजे नाचणी. आणि नाचणी मूळची आपली नाहीच, ताई. ती पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ पट्ट्यात माणसाळली आणि काही हजार वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली. ज्वारीचंही तेच, तिचं माहेर सुदानच्या बाजूला. स्वाहिलीत तिला म्तामा म्हणतात. चवळीही आफ्रिकेचीच. साताऱ्याच्या घरात भाकरी थापली जाते ती आफ्रिकेच्या दाण्याची, आणि माकुएनीच्या शेतकऱ्याच्या रानात तूर आणि मूग डोलतात ते भारताचे. सासूबाईंना फोनवर एवढंच सांगा की नात इथलं जेवण शिकतेय, आणि नाचणीही इथूनच आपल्याकडे आली. तुमची मुलगी तान्ही असताना तिला नाचणीचं सत्त्व त्यांनीच भरवलं असेल.

इथे मात्र थोडं थांबायला हवं. हा धागा सापडला की आपल्या लोकांना एक मोह होतो: म्हणजे हे सगळं आपलंच की! गिथेरीला मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली, वर कोथिंबीर-खोबरं भुरभुरलं, झाली उसळ. घरी हवं तर तसं खा. पण वर्गात नेऊ नका आणि त्याला केनियाचा पारंपरिक पदार्थ म्हणू नका. उगालीत मीठ नसतं, तर नसू दे. म्रेंडाला हिंग-जिरं नको. मनागू कडू असते, दुधात किंवा सायीत शिजवून तिचा कडवटपणा मऊ करतात. तो कडवटपणा लोकांना हवा असतो, कारल्याचा आपल्याला हवा असतो तसाच. चव जशी आहे तशी एकदा जिभेवर घ्यायची, मग आपलं मत बनवायचं. मुलीला हे जमतंय. तिने पहिला घास फोडणीशिवायच खाल्ला.

चपाती आणि भजीचं काय? तुमचं निरीक्षण खरं आहे. केनियात चपाती घरोघर लाटली जाते, नाताळच्या ताटात हमखास असते, पोरं लाडाने तिला चापो म्हणतात. 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे टाकली गेली, तेव्हा हजारो मजूर आणि कारागीर हिंदुस्थानातून आले. त्यांच्यामागून दुकानदार आले. चपाती, कचुंबर, भजी हे सगळं या लोकांबरोबर रुजलं आणि स्वाहिलीत चपाती, काचुंबारी, बाजिया झालं. 2017 मध्ये सरकारने केनियातल्या आशियाई वंशाच्या लोकांना देशाची 44वी जमात म्हणून मान्यताही दिली. पण ती चार-पाच पिढ्या इथे मुरलेल्या लोकांची गोष्ट आहे. तुम्ही तीन वर्षांपूर्वी आलात. चपाती नेली तर ती तुमच्या मुलीला आधीपासून येते, आणि शाळेने 'शिका' म्हटलंय. बाईंनी विचारलं तर चपातीची गोष्ट तिने दोन वाक्यांत जरूर सांगावी. डब्यात मात्र दुसरं काहीतरी असावं.

हॉटेलच्या उगालीबद्दल फार लिहीत नाही. डबा भरेल, पण मुलीकडे सांगायला काही नसेल. तक्त्याचंही तसंच. 2017 पासून आलेल्या नव्या अभ्यासक्रमात पालकांना सतत अशा प्रकल्पांत ओढलं जातं आणि आई-बाप रात्री जागून छापील चित्रं चिकटवत बसतात, हे तिथल्या अनेक घरांतलं दृश्य आहे. तक्ता आईचा असतो हे शिक्षिकेला पहिल्या नजरेत कळतं.

मग करायचं कसं? मी तुमच्या जागी असते तर दहा दिवस असे वापरले असते.

पहिल्या शनिवारी आंटी आणि मुलगी, मागे तुम्ही, अशा तिघी बाजारात जा. पार्कलँड्सला सिटी पार्कचा भाजीबाजार जवळच आहे, पण कोपऱ्यावरच्या मामा म्बोगाकडे, म्हणजे भाजीवाल्या बाईकडे, गेलात तर आणखी बरं. मुलीला आधी एक गंमत सांगा. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ, आणि बाबा मात्र बाबाच. ही भाजीवाली मामा आहे हे कळल्यावर मराठी पोराचं तोंड उघडतं. पाला ओळखायचं काम मुलीचं: तेरेरे म्हणजे राजगिऱ्याचा पाला, कुंडे चवळीचा, सागा म्हणजे आपली तिळवण, मनागू आपल्या कामोणीच्या कुळातली. पाला बाजारातूनच घ्या. मनागूसारखं दिसणारं काही मुलीला रस्त्याकडेचं तोडू देऊ नका, त्या कुळातली कच्ची फळं विषारी असतात.

एक वही करा, शंभर पानी साधी. एका पानावर एक वस्तू. आंटींच्या भाषेतलं नाव, स्वाहिली नाव, मराठी नाव. मग मुलीने आंटींना विचारायचे प्रश्न, आणि हे प्रश्न तिचे तिला सुचू द्या. सुचले नाहीत तर तुम्ही दोन-तीन सुचवा. लहानपणी ही भाजी कोण तोडून आणायचं? कशात शिजायची? पाऊस नसला की काय खायचात? कुणासाठी ही भाजी करत नाहीत? शेवटचा प्रश्न मला फार प्रिय आहे, कारण त्याच्या उत्तरात पाहुणे, सासर-माहेर, मानपान सगळं बाहेर येतं. तुम्ही वही लिहून देऊ नका. अक्षर वाकडं असू दे.

स्वयंपाक मुलीने करायचा, आंटींनी सांगायचा, तुम्ही स्टुलावर बसायचं. म्रेंडाची पानं देठावरून खुडायची, आठ-दहा पाण्यांनी धुवायची, कारण माती फार असते. उगाली सोपी दिसते आणि सोपी नसते. पाण्याला खळखळून उकळी आली की पीठ थोडं थोडं घालत म्विकोने, म्हणजे लाकडी उलथन्याने, घोटायचं. उकडीसारखंच, पण जास्त घट्ट, आणि दणकट हाताचं काम. शेवटी भांड्याच्या कडेला दाबत गोळा करायचा. हे मुलीला एकटीला जमणार नाही, तिचे हात आंटींच्या हाताखाली असू देत. तुम्हाला अधिक जुन्या वळणाची उगाली हवी असेल तर विंबीची किंवा विंबी-म्तामाच्या पिठाची करा. पांढऱ्या मक्याची उगाली आज देशभर खातात, पण मका अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर आला आणि घराघरातलं मुख्य धान्य झाला तो गेल्या शतकात. त्याआधीची उगाली तपकिरी होती. आणि सुकुमा विकी, म्हणजे 'आठवडा ढकल', हीसुद्धा बाहेरून आलेल्या कोबीच्या कुळातली भाजी. हे वर्गात सांगितलं तर मुलंच काय, शिक्षिकाही कान टवकारतील.

डबा नेताना उगाली फडक्यात गुंडाळून हॉटपॉटमध्ये ठेवा, गार झाली की ती दगड होते. हात धुवायला तांब्या आणि घमेलं द्या. जेवणाआधी एकाने पाणी घालायचं आणि दुसऱ्याने हात धुवायचे, हाही त्या जेवणाचाच भाग आहे. उगालीचा गोळा बोटांत वळायचा, अंगठ्याने खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. हे मुलीला वर्गात करून दाखवता आलं तर तक्त्याची आठवणही कुणाला होणार नाही.

आणि ती काय म्हणेल? 'हा केनियाचा पदार्थ आहे' असं नको. केनियात चाळीसहून जास्त समाज आहेत आणि म्रेंडा सगळ्यांची नाही. एखाद्या कालेंजिन मुलाच्या घरी मान मुर्सिकला असेल, म्हणजे कोळशाने आतून घासलेल्या भोपळ्यात विरजलेल्या दुधाला. शर्यत जिंकून आलेल्या धावपटूंना विमानतळावर तेच पाजतात. तिने म्हणावं, 'ही लुह्या लोकांची भाजी आहे, काकामेगाकडची, आणि मला ती आमच्या घरी येणाऱ्या अमुक अमुक यांनी शिकवली.' इथे नाव हवं. आंटी हे नाव नव्हे. केनियात बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावावरून हाक मारायची रीत आहे: मामा आणि पुढे मुलाचं नाव. तुमच्या आंटींच्या थोरल्या मुलाचं किंवा मुलीचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर त्यांना आपल्याला काय म्हटलेलं आवडेल हे मुलीने विचारावं, आणि वहीच्या पहिल्या पानावर, स्वतःच्या नावाच्या शेजारी, ते नाव लिहावं.

असंच कोडं पडलेल्या इतरांसाठीही थोडं लिहिते. मोंबासात असाल तर शेजारच्या स्वाहिली घरी म्बाझी आणि महामरी शिकायला मिळेल, तो शाकाहारी पदार्थ आहे आणि मुलांना पटकन आवडतो. घरी कामाला कुणी नसेल तर शाळेचा चौकीदार, व्हॅनचा चालक, मामा म्बोगा, कुणालाही विचारा. 'तुमची आई काय करायची?' या प्रश्नाला केनियात दार बंद होत नाही. आणि पुण्यात, नागपुरात, पणजीत बसून ज्यांच्या मुलाच्या वाट्याला 'एका देशाचं खाणं' म्हणून केनिया आलाय, त्यांनी उजी करावी. वाटीभर नाचणीचं पीठ गार पाण्यात कालवून रात्रभर, जमल्यास दोन दिवस आंबवा, मग सहा-सात वाट्या उकळत्या पाण्यात सोडून ढवळत शिजवा, साखर आणि हवं तर लिंबू घाला. ताक घालू नका, ती आपली आंबील होईल. गिथेरी करायची तर दोन वाट्या वाळका पांढरा मका आणि वाटीभर राजमा रात्री वेगवेगळे भिजवा. मका आधी कुकरला लावा, तो अर्धा शिजला की राजमा घाला, नाहीतर राजम्याचा लगदा होतो आणि मका दाताखाली खडखडतो. मीठ शेवटी. कांदा-टोमॅटो चालतो, आज बहुतेक घरांत घालतात. गरम मसाला नको.

ताई, तुमच्या मुदतीतले दोन-तीन दिवस माझं उत्तर पोचेपर्यंत गेले असतील, तरी शनिवार हातात आहे. म्रेंडा जास्तीची आणा, खुडून निम्मीच उरते. आणि माझ्यासाठी एवढं कराल का? म्रेंडा हे बाजारातलं नाव आहे. लुह्यांच्या वेगवेगळ्या शाखांत, कुणी बुकुसू, कुणी मरागोली, कुणी इसुखा, या भाजीला घरातली नावं निरनिराळी आहेत. तुमच्याकडे येणाऱ्या बाई त्यांच्या आईकडून कोणतं नाव ऐकत मोठ्या झाल्या, ते मुलीला विचारायला सांगा आणि मला तिच्याच अक्षरात लिहून पाठवा.